खेळाचा तास काढून घेऊ नका : शाळांच्या मुख्याध्यापकांना एका आईचं खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक, शाळेचे व्यवस्थापक आणि पालक-शिक्षक संघाचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या पालकसभेत मोठ्या पडद्यावर मेंदूचं एक चित्र दाखवलं गेलं. आधी निळसर आणि 'सरावानंतर' लाल-पिवळं. मग सांगण्यात आलं, की ज्या मुलांचं लक्ष लागत नाही, त्यांना पुढच्या सत्रापासून आठवड्यातून चार दिवस संगणक कक्षात नेऊन 'मेंदूचा व्यायाम' देणारे गेम खेळायला दिले जातील. वेळापत्रकात जागा नसल्याने त्यासाठी खेळाचा तास आणि शेवटचा तास वापरला जाईल. पालकांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांपूर्वी मीही वाजवल्या असत्या.

हे पत्र एका शाळेपुरतं लिहीत नाही. तेच सादरीकरण दुसऱ्या शाळांमध्येही जाईल, तिथेही तेच चित्र दाखवलं जाईल, आणि तिथेही कुणाच्या तरी मुलाचा खेळाचा तास जाईल. म्हणून ते खुलं ठेवलं आहे.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. पहिलीपासून तिच्या प्रगतिपुस्तकात 'वेंधळी' हा शब्द या ना त्या रूपात येत राहिला. ती दंगा करत नाही, जागेवरून उठत नाही. तिची तंद्री लागते. 'वह्या काढा' हे वाक्य तिच्यापर्यंत पोचतं, तोवर बाकीच्यांची तारीख लिहून झालेली असते. अशा शांत मुलींकडे उशिरा लक्ष जातं, तसंच तिचंही झालं. आठव्या वर्षी निदान झालं : एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलतेची अडचण, त्यातला लक्ष न टिकण्याचा प्रकार. जगभरात साधारण पाच टक्के मुलांना ही अडचण असते, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोघांना. तुमच्या प्रत्येक वर्गात अशी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी काही करावंसं तुम्हाला वाटलं याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझा आक्षेप त्या इच्छेला नाही.

निदानानंतर पहिल्याच महिन्यात आम्ही असाच एक कार्यक्रम घरी घेतला. पाच आठवडे, पंचवीस सत्रं, रोज चाळीस मिनिटं. पडद्यावर चौकोन एकामागून एक उजळायचे, त्याच क्रमाने, कधी उलट्या क्रमाने, त्यांवर बोट ठेवायचं. जमलं की पुढच्या वेळी एक चौकोन वाढायचा, चुकलं की एक कमी व्हायचा. मुलगी चारावरून सातावर गेली. मी फ्रिजवर तक्ता लावला होता, त्यातली रेघ वर चढताना बघून मला रडू आलं होतं. पाचव्या आठवड्यात मी एका प्रश्नावलीत 'लक्ष सुधारलं आहे' असं लिहून दिलं, आणि ते मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच तसं दिसत होतं.

महिन्याभराने मी वर्गशिक्षिकांना सहज विचारलं, हल्ली काही फरक वाटतो का? घरी काय चाललं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "नाही हो. गुणी आहे, पण आहे तशीच आहे."

तेव्हा मला वाटलं, बाईंचं लक्ष नसेल. पुढे मी वाचत गेले आणि कळलं, की माझ्या घरात घडलं तेच अभ्यासांतही घडलं आहे. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे टोर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ साली एडीएचडी असलेल्या मोजक्या मुलांवर असा सराव करून पाहिला. २००५ साली त्यांच्या गटाने ५३ मुलांची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. 'कॉगमेड' हा कार्यक्रम याच कामातून उभा राहिला. त्या चाचणीत पालकांना मुलांची लक्षणं कमी झालेली दिसली. शिक्षकांना तसा ठोस फरक दिसला नाही.

यामागची कल्पना मुळात चुकीची नव्हती, हे मी आवर्जून सांगते. 'वर्किंग मेमरी' म्हणजे हातातलं काम पुरं होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता. "पान बत्तीस उघडा, तिसरं गणित सोडवा, उत्तराखाली रेघ मारा" यातलं दुसरं वाक्य ऐकेपर्यंत पहिलं निसटणं, ही या मुलांची रोजची कहाणी. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांची ही स्मृती कमकुवत असते, सगळ्यांची नसते. मग सरावाने ती वाढवली तर लक्षही सुधारेल, ही आशा अगदी स्वाभाविक होती. प्रश्न एवढाच होता, की चौकोनांवर कमावलेलं गणिताच्या वहीपर्यंत पोचतं का?

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून आयताकृती कागदांच्या क्षेत्रफळांचा अंदाज घेण्याचा सराव करून घेतला. त्याच मापाच्या आकारांत माणसं तरबेज झाली, आकार किंवा माप बदललं की त्यातलं बरंचसं कौशल्य मागे राहिलं.

मला मात्र सगळ्यात जास्त समजावून गेली ती एस. एफ. नावाने नोंदलेल्या एका तरुणाची गोष्ट. १९८० साली 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अँडर्स एरिकसन, विल्यम चेस आणि त्यांचे सहकारी त्याला सेकंदाला एक या गतीने अंक वाचून दाखवत, आणि तो ते त्याच क्रमाने म्हणून दाखवी. सुरुवातीला त्याला सातेक अंक जमत, आपल्यापैकी कुणालाही जमतात तितकेच. दीड वर्षाहून जास्त काळ, दोनशेहून अधिक तास सराव केल्यावर तो ७९ अंक म्हणू लागला. हा तरुण लांब पल्ल्याचा धावपटू होता. अंकांचे गट पाडून तो त्यांना शर्यतीच्या वेळा समजायचा. ३४९२ म्हणजे तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद, मैलाच्या शर्यतीतली जवळजवळ विक्रमी वेळ. मग एके दिवशी त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. तो पुन्हा सहावर आला.

त्याने काही फसवलं नव्हतं. दोनशे तासांची मेहनत खरी होती, ७९ हा आकडाही खरा होता. पण वाढली होती ती स्मृती नव्हे, अंक लक्षात ठेवायची एक युक्ती. ही गोष्ट वाचली त्या रात्री मी फ्रिजवरचा तक्ता काढला. मुलीने विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिला काय सांगावं ते मला सुचेना.

आता तुमच्या निर्णयाशी थेट संबंध असलेला अभ्यास सांगते. पडद्यावरच्या मेंदूच्या चित्राकडे बघण्यात दिलात त्याहून थोडा जास्त वेळ याला द्या, ही विनंती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये संशोधकांनी सहा-सात वर्षांच्या सतराशेहून अधिक मुलांची चाचणी घेऊन, वर्किंग मेमरी कमी असलेली ४५२ मुलं निवडली. त्या सगळ्यांना एडीएचडी नव्हता, पण तुम्ही जी यादी करणार आहात ती साधारण अशाच मुलांची होईल. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला शाळेच्या वेळात, वर्गातून बाहेर नेऊन, वीस ते पंचवीस सत्रं दिली. दुसऱ्या गटातली मुलं नेहमीसारखी वर्गात बसली. सराव केलेल्या मुलांची, डोळ्यांनी पाहिलेलं थोडा वेळ लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली, पण ती वाढ टिकली नाही. दोन वर्षांनी वाचनात आणि स्पेलिंगमध्ये काही फायदा दिसला नाही. गणितात सराव केलेली मुलं उलट थोडी मागे होती. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध करताना संशोधकांनी स्पष्ट लिहिलं, की वर्गातला बुडालेला वेळ, खर्च आणि न टिकणारा फायदा पाहता शाळाशाळांतून हा कार्यक्रम राबवावा अशी शिफारस आम्ही करत नाही.

वर्गातला बुडालेला वेळ. आमच्या सभेत या तीन शब्दांवर कुणीच बोललं नाही.

एकट्या मेलबर्नवर जाऊ नका म्हणाल, तर २०२३ साली एडीएचडी असलेल्यांवरच्या अशा संगणकीय सरावाच्या ३६ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. कुणी कोणता सराव केला हे बहुधा माहीत नसलेल्या लोकांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा एकूण लक्षणांवर परिणाम दिसला नाही. लक्षाच्या बाबतीत या नोंदींतही थोडासा फरक दिसला, पण जिथे सराव झाला तिथल्या नोंदींत तो जास्त होता. वर्किंग मेमरीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा होती. म्हणजे चौकोनांच्या जवळपासचं सुधारतं, चौकोनांपासून जितकं लांब जाल तितकं कमी होत जातं. तुम्हाला मात्र लांबचंच हवं आहे, आणि मलाही.

'माहीत असलेले' आणि 'माहीत नसलेले' हा फरक पालकांना टोचतो. मलाही टोचला होता. आम्ही खोटं बोलतो असं त्यातून कुणी म्हणत नाही. पाच आठवडे रोज चाळीस मिनिटं आई मुलाशेजारी बसते, त्याला शाबासकी देते, त्याच्या चुकांवर न ओरडता 'पुन्हा कर' म्हणते. घरातलं वातावरण त्यामुळे बदलतं. शिवाय आशेने बघणाऱ्या डोळ्यांना चांगले दिवस जास्त दिसतात. म्हणून कंपनीच्या प्रतिनिधीने 'नव्वद टक्के पालक समाधानी' असं सांगितलं, तर ते खरंही असेल, आणि तरी त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

गेम औषधासारखा डॉक्टरांनी लिहून द्यावा, इथपर्यंतही गोष्ट गेली आहे, आणि ती मी लपवणार नाही, कारण उद्या कुणीतरी तीच तुमच्यापुढे ठेवेल. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'एंडेव्हर-आरएक्स' या गेमला परवानगी दिली. रोज साधारण पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. त्यामागची चाचणी ३४८ मुलांवरची, नीट रचलेली होती : एका गटाला हा गेम, दुसऱ्याला शब्दांचा एक साधा गेम. संगणकावरच्या लक्ष-चाचणीत पहिला गट पुढे गेला, हे खरं. पण पालकांनी आणि डॉक्टरांनी नोंदवलेली लक्षणं दोन्ही गटांत सारखीच सुधारली. परवानगीच्या मजकुरातच लिहिलं आहे, की हा गेम उपचारांच्या व्यापक कार्यक्रमाचा भाग म्हणून वापरावा, आणि अतिचंचलतेसारख्या नेहमीच्या लक्षणांत फायदा दिसेलच असं नाही. इतका प्रामाणिक मजकूर मला आमच्या सभेतल्या पत्रकात कुठे सापडला नाही.

दाव्यांबद्दल आणखी एकच. 'जंगल रेंजर्स' या मुलांच्या गेमने लक्ष, स्मरण आणि शाळेतली कामगिरी सुधारते असं सांगणाऱ्या कंपनीला २०१५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने पुराव्याविना असे दावे करायला मनाई केली. पुढच्याच वर्षी 'ल्युमोसिटी' या मेंदूच्या सरावाच्या गेमच्या कंपनीने अशाच जाहिरातींबद्दलच्या तक्रारीत वीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या जाहिरातींतल्या दाव्यांत एडीएचडीचाही समावेश होता. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या न्यूरोफीडबॅकचीही गत फार वेगळी नाही. २०२१ च्या एका काटेकोर चाचणीत, सात ते दहा वर्षांच्या १४२ मुलांमध्ये, खरं न्यूरोफीडबॅक घेणारी आणि नुसतं तसं भासवलेलं घेणारी मुलं सारखीच सुधारली.

इथे शिक्षक नेहमी एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. "गेमवर तर ती तासभर बसते, मग लक्ष नाही कसं?" गेम या मुलांना धरून ठेवतो, कारण तो दर दोन सेकंदांनी काहीतरी परत देतो : गुण, आवाज, नवी पातळी. बक्षिसासाठी थांबणं या मुलांना इतरांपेक्षा जड जातं. निबंधाची वही संध्याकाळपर्यंत काहीच परत देत नाही. तेव्हा गेमवर तासभर बसणं हा लक्ष असल्याचा पुरावा नाही, आणि त्या तासाने लक्षाची तालीम होते असंही नाही. मुलांना गेम खेळूच देऊ नका असं मी म्हणत नाही. माझी मुलगी खेळते, आनंदाने खेळते. फक्त त्या खेळाला उपचार म्हणू नका, आणि त्याच्यासाठी दुसरं काही काढून घेऊ नका.

काढून घेणं म्हणजे काय, ते मी माझ्या घरचं सांगते. त्या पाच आठवड्यांत आमची चाळीस मिनिटं संध्याकाळची होती. त्याआधी ती त्या वेळी शेजारच्या मैत्रिणीबरोबर सायकल चालवायची. या मुलांची मैत्री सहज जमत नाही. खेळाचे नियम अर्धेच ऐकले जातात, पाळी कुणाची हे विसरलं जातं, आणि बाकीच्या मुली कंटाळतात. ही एक मैत्रीण मात्र कंटाळत नव्हती. सराव संपला तेव्हा तिला सायकलसाठी दुसरी जोडीदारीण मिळाली होती. माझ्या मुलीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती अंगणात उभी राहून बघत राहायची. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खंत वाटते ती याची. पैसे गेले, ते पुन्हा मिळवता येतात.

तुमच्या यादीतल्या मुलांकडे देण्यासारखा वेळ आधीच कमी असतो. इतरांना पंधरा मिनिटांत होणारा गृहपाठ त्यांना तास खातो. मधल्या सुट्टीत ती अर्धवट राहिलेलं लिहून काढत असतात. हिंडायला-फिरायला, धावायला उरतो तो खेळाचा तास, आणि नेमका तोच तुम्ही घेताय.

धावण्याने काय होतं, याबद्दलही थोडं काम झालं आहे. २०१३ सालच्या एका अभ्यासात आठ ते दहा वर्षांची, एडीएचडी असलेली २० आणि नसलेली २० मुलं वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालली. नंतर घेतलेल्या लक्षाच्या, वाचनाच्या आणि गणिताच्या चाचण्यांत, बसून वाचन केलेल्या दिवसापेक्षा दोन्ही गटांची कामगिरी बरी होती. मुलं चाळीसच होती आणि परिणाम त्या वेळेपुरताच मोजला होता. गेमला जो निकष लावला तोच मी इथेही लावते, त्यामुळे खेळाच्या तासाने एडीएचडी बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण पुरावा नसलेल्या गोष्टीसाठी निदान ही तरी मोडू नका.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भर आहे तो पालकांना वागणूक हाताळण्याचं शिक्षण, वर्गात करायचे बदल आणि गरज असेल तिथे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध यांवर. औषधाचा निर्णय आमचा आणि आमच्या डॉक्टरांचा. वर्ग मात्र तुमचा आहे.

आमच्या बाबतीत वर्गात एक गोष्ट झाली, आणि ती कुठल्याही कंपनीने केली नाही. दुसऱ्या वर्षीच्या वर्गशिक्षिकांनी तळहाताएवढं एक कार्ड बाकावर चिकटवलं. त्यावर तीनच ओळी : वही उघडली का, फळ्यावरचं उतरवलं का, गृहपाठ डायरीत लिहिला का. प्रत्येक तासाच्या शेवटी त्या जाता जाता कार्डावर बरोबरची खूण करत, आणि घरी गेल्यावर मी ते बघायची. तीनपैकी दोन झाले तर रात्री तिच्या आवडीची गोष्ट वाचायची, एवढाच करार. सूचना देताना बाई एका वेळी एकच देत, आणि आधी तिच्या बाकावर हलकेच टिचकी मारत. वह्या वाटणं, फळा पुसणं ही कामं मुद्दाम तिला देत, म्हणजे मधूनमधून तिला उठता यायचं. यातलं काहीच त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. रोजच्या नोंदीचं कार्ड ही जगभर वापरली गेलेली, अभ्यासलेली पद्धत आहे. तिला बाकीच्या मुलींपेक्षा वेगळं काढून कुठेही नेलं गेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 'लक्ष नसलेल्यांची' यादी वाचून मुलांना वर्गासमोर उठवून संगणक कक्षात नेणार असाल, तर त्या यादीला मधल्या सुट्टीत काय नाव पडेल, याचाही विचार करा.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. या कार्यक्रमासाठी ठेवलेल्या रकमेचा थोडा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करा : असं कार्ड कसं बनवायचं, सूचना कशी तोडून द्यायची, लिहायला जास्त वेळ कसा द्यायचा. तरीही कार्यक्रम घ्यायचाच असेल, तर सही करण्याआधी कंपनीला लेखी विचारा, की तुमच्या मुलांची तुलना कोणत्या मुलांशी केली, सुधारणा कुणी ठरवली आणि त्या माणसाला सराव कुणी केला हे माहीत होतं का, आणि सराव थांबून वर्ष झाल्यावर वाचन-गणितात काय दिसलं. उत्तर म्हणून मेंदूची रंगीत चित्रं आली, तर ती परत पाठवा. आणि काहीही ठरलं तरी खेळाचा, चित्रकलेचा आणि संगीताचा तास त्यासाठी वापरू नका.

निर्णयाची बैठक अजून व्हायची आहे असं कळलं. कंपनीच्या प्रतिनिधीला सभेत वीस मिनिटं दिली होती. बैठकीत मला दहा द्या. येताना मी मुलीच्या बाकावरची जुनी कार्डं घेऊन येईन, वर्षभराची सगळी जपून ठेवली आहेत. सुरुवातीच्या महिन्यांतली बरीचशी कोरी आहेत, तीही दाखवेन.

आपली नम्र,
एका अकरा वर्षांच्या मुलीची आई